घड्याळ किती चुकतंय, ते आधी लिहून ठेवा

ठाण्यात कोपरीला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका वर्षभर रोज सकाळी एकच काम करत होते. संगणक सुरू करायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ त्याच्याशी जुळवायची. देवाला फूल वाहावं इतक्या नेमाने. एका सोमवारी त्यांनी जिन्यातूनच हाक मारली, "अगं, जरा खाली ये. बँकेच्या साइटला काहीतरी झालंय. लाल त्रिकोण येतोय, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय. पैसे गेले नसतील ना?"

पैसे कुठेही गेले नव्हते. कोपऱ्यातली वेळ अगदी बरोबर होती, ९ वाजून २० मिनिटं. तारीख मात्र १ जानेवारी २०१५. वेळ लावून झाली आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला, तारीख लावायची राहून गेली.

"रोज किती चुकलेलं असतं, काका?"

"ते कोण बघतंय गं? चुकलेलं असतं, मी लावतो."

इथेच मेख आहे. किती चुकलंय, या आकड्यातच बहुतेक वेळा दुखणं लिहिलेलं असतं आणि आपण घाईघाईने वेळ बरोबर करून तो आकडाच पुसून टाकतो. मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसातले सात संगणक सांभाळते (सोसायटीतले फुकटात सांभाळते, ते वेगळं). घड्याळाची तक्रार आली की मी पहिल्यांदा म्हणते, हात लावू नका, फक्त लिहून ठेवा.

वही आणि फोन

सकाळी संगणक सुरू झाल्या झाल्या फोन शेजारी धरा. फोनला नेटवर्ककडून वेळ मिळते, त्यामुळे तो भिंतीवरच्या घड्याळापेक्षा भरवशाचा. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये आपोआप वेळ घेण्याचा पर्याय चालू आहे ना, ते बघून घ्या. मग कागदावर तीन गोष्टी लिहा: संगणकावरची पूर्ण तारीख आणि वेळ, वर्षासकट, एएम-पीएमसकट, फोनवरची तारीख आणि वेळ, आणि काल संगणक किती वाजता बंद केला, भिंतीवरचं बटणही बंद केलं होतं का. हा शेवटचा प्रश्न बिनकामाचा वाटेल, पण निम्मं उत्तर त्यातच असतं.

अर्ध्या तासाने पुन्हा बघा. वेळ आपोआप सुधारली असेल तर तेही लिहा. इंटरनेट जोडलेलं असलं की संगणक मागच्या दाराने जाऊन वेळ दुरुस्त करून येतो आणि मूळ दुखणं महिनोन् महिने झाकलेलं राहतं. "सुरू केल्यावर दोन मिनिटं चुकीचं दाखवतं, मग ठीक होतं" असं कुणी म्हणालं की माझं निदान तिथेच झालेलं असतं.

दोन सकाळी एवढं केलंत की आकडा बोलायला लागतो.

फरक सुट्या मिनिटांचा नसून ठोक असेल, म्हणजे अर्धा तास, पाव तास, साडेपाच तास, साडेतेरा तास, तर घड्याळ बिचारं ठीक आहे. चुकलाय तो टाइम झोन, म्हणजे कुठल्या प्रदेशाची वेळ दाखवायची ती निवड. १५ मिनिटं पुढे म्हणजे कुणीतरी काठमांडू निवडलंय, कारण नेपाळची वेळ आपल्यापुढे पाव तास असते. अर्धा तास मागे म्हणजे कराची किंवा ताश्कंद. साडेतेरा तास मागे (उन्हाळ्यात साडेबारा) म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा. विंडोज नव्याने टाकताना कुणी झोन बदलला नाही की हेच होतं. बरोबर साडेपाच तास असेल तर एकतर झोनच्या जागी नुसतं यूटीसी (सगळ्या जगाची मूळ प्रमाणवेळ) आहे, नाहीतर त्याच संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. त्याबद्दल पुढे.

फरक बरोबर १२ तासांचा असेल तर वेळ लावताना एएम-पीएमची गल्लत झालीय. हे ओळखण्याची मजेशीर खूण म्हणजे भर दुपारी बाराला तारीख बदलते. आमच्या ऑफिसात हे आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर काढलेल्या सगळ्या चलनांवर दुसऱ्या दिवशीची तारीख.

वर्षंच्या वर्षं मागे गेलं असेल, काकांसारखं, तर संगणकाच्या आतला, घड्याळ चालू ठेवणारा गोल सेल संपलाय. काल संध्याकाळी ७ ला बंद केलेला संगणक आज सकाळी ९ लाही कालचे ७ दाखवत असेल, म्हणजे जितका वेळ बंद होता तितकाच मागे पडला असेल, तरीही सेलच. मरायला टेकलेला सेल कधी कधी तारीख विसरत नाही, नुसता चालायचा थांबतो.

महिन्याभरात मिनिटभराचा फरक मात्र दुखणं नव्हे. ते तसंच असतं.

आणि वेळ बरोबर, पण ४ जुलै ऐवजी ७ एप्रिल दिसत असेल, तर घड्याळाशी त्याचा काहीही संबंध नाही. अमेरिकन पद्धतीत महिना आधी लिहितात. सेटिंगमध्ये रीजन या नावाखाली इंडिया निवडा, विषय संपला.

संगणकात घड्याळं दोन असतात

हे एकदा समजलं की पुढची भानगड निम्मी सुटते. एक घड्याळ मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर असतं. ते संगणक बंद असतानाही चालू राहतं. दुसरं विंडोजचं. ते संगणक सुरू होताना पहिल्याकडे बघून वेळ लावून घेतं आणि मग आपापलं चालतं, अधूनमधून इंटरनेटवर विचारून येतं. कोपऱ्यात आपल्याला दिसतं ते दुसरं. बिघडतं ते बहुतेक वेळा पहिलं.

मदरबोर्डवरचं घड्याळ मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळाचंच भावंड. आत स्फटिकाचा एक इवलासा तुकडा असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटला तरी त्यात सोय आहे: या संख्येचे १५ वेळा निम्मे केले की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. हा स्फटिक साधारण २५ अंश तापमानाला सर्वांत नेमका चालतो. त्याहून गरम किंवा थंड झालं की किंचित मंदावतो. मे महिन्यात, पंख्याखाली, बंद खोलीतल्या संगणकाच्या कॅबिनेटमध्ये २५ अंश कुठून आणणार? दहा लाखांत वीस भागांची चूक धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला ५० सेकंदांच्या आसपास. वर म्हटलेलं मिनिट ते हे.

आता वीज. संगणक 'शट डाऊन' केला, पण भिंतीवरचं बटण चालू ठेवलं, तर पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ त्यावरच चालतं. सेल तेव्हा नुसता बसून असतो. भिंतीवरचं बटण बंद केलं की सगळा भार त्या गोल सेलवर येतो. आपल्याकडे झोपताना घरातली सगळी बटणं बंद करून, गॅस बघून मगच आडवं व्हायची पद्धत. चांगलीच आहे, आणि पावसाळ्यात विजा कडाडत असताना तर बंदच ठेवा. फक्त त्या घरातला सेल लवकर संपतो, हे धरून चाला. दोन-तीन वर्षांत संपला तर त्यात नवल नाही.

झोन आणि इंटरनेटची वेळ

सगळ्यात सोपी दुरुस्ती आधी. विंडोजच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर उजवं क्लिक करा, 'ॲडजस्ट डेट अँड टाइम' निवडा. टाइम झोनच्या यादीत 'यूटीसी +०५:३०' आणि पुढे चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेली ओळ शोधा. ठाणे किंवा नवी मुंबई त्यात नाही, शोधत बसू नका. जवळच 'श्री जयवर्धनेपुरा' ही श्रीलंकेची ओळ असते. ती निवडली गेली तरी वेळ बरोबरच दिसेल, पण आपली ती आपली.

झोन आपोआप ठरवण्याचाही एक पर्याय तिथेच असतो. मी तो बंद ठेवते. घरातला संगणक काही रोज गावं बदलत नाही. शिवाय कंपनीच्या व्हीपीएनमुळे (तुमचं इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कमधून फिरवणाऱ्या सोयीमुळे) तुम्ही दुसऱ्याच देशात बसला आहात असा त्याचा समज होऊ शकतो. वेळ आपोआप घेण्याचा पर्याय, 'सेट टाइम ऑटोमॅटिकली', मात्र चालूच हवा. मग 'सिंक नाऊ' दाबा.

इथे नवशिक्यांची गाडी हमखास अडते. 'सिंक नाऊ' दाबलं तरी काही होत नाही, लोक पन्नासदा दाबतात. कारण असं की घरगुती विंडोजला मूळ सेटिंगनुसार १५ तासांपेक्षा मोठी उडी मारायची परवानगी नसते. २०१५ मध्ये अडकलेल्या संगणकाला इंटरनेटवरच्या कुणी आजची तारीख सांगितली तर तो म्हणतो, हे भलतंच, मी नाही ऐकणार. म्हणून आधी आपोआपचा पर्याय बंद करा, 'चेंज' दाबून तारीख, वर्ष आणि वेळ हाताने अंदाजे बरोबर लावा, पर्याय पुन्हा चालू करा आणि मग 'सिंक नाऊ'.

तरीही जुळलं नाही तर फोनचा हॉटस्पॉट जोडून बघा. वेळ विचारण्याचं काम एनटीपी नावाच्या पद्धतीने चालतं, आणि ती यूडीपीचं १२३ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं एक दार, वापरते. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर हे दार बऱ्याचदा बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे बाकी सगळ्या साइट उघडतात, वेळ तेवढी येत नाही. हॉटस्पॉटवर जुळली तर संगणक निर्दोष आहे. हॉटस्पॉटवरही नाही जुळली तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, यादीत 'विंडोज टाइम' शोधा आणि ती सुरू करून ठेवा. संगणक वेगवान करतो म्हणून सांगणारी काही फुकटी सॉफ्टवेअरं तिला बंद पाडतात, हे मी स्वतः दोनदा पाहिलंय.

विंडोज मुळात 'टाइम डॉट विंडोज डॉट कॉम' ला विचारतं. ते चालत नसेल तर जुन्या कंट्रोल पॅनलमधल्या 'डेट अँड टाइम' मध्ये 'इंटरनेट टाइम' हा टॅब असतो, तिथे 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी' टाकता येतं. हा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर. भारतीय प्रमाणवेळ सांभाळायची जबाबदारी याच प्रयोगशाळेची.

प्रमाणवेळेवरून आठवलं. आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आणि ठाणे पडतं ७३ अंशांच्या जवळ. अंशाला चार मिनिटं या हिशोबाने ठाण्याचा सूर्य घड्याळापेक्षा ३८ मिनिटं मागे. जुन्या मुंबईला हे मान्यच नव्हतं. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबई स्वतःची वेळ चालवत होती, भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. तुमचा संगणक नेमका ३९ मिनिटं मागे असेल तर तो जुना मुंबईकर आहे, दुसरं कारण मला सुचत नाही.

कंपनीचा लॅपटॉप असेल आणि हे सगळे पर्याय फिकट दिसत असतील, वर 'तुमच्या संस्थेकडून नियंत्रित' अशा अर्थाची ओळ असेल, तर तुम्ही काही करू नका. ऐरोली-महापेच्या कंपन्यांतल्या संगणकांना वेळ कंपनीच्या सर्व्हरकडून मिळते. आयटीवाल्यांना फोन करा, आणि फरक किती आहे तो आकडा त्यांना सांगा. ते खूश होतील.

लिनक्सवाल्यांसाठी तीनच वाक्यं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहितं आणि विंडोज त्याच जागी स्थानिक वेळ धरतं, म्हणून एकातून दुसऱ्यात गेलं की साडेपाच तासांची खो-खो चालते. उबुंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने लिनक्सलाही मदरबोर्डवर स्थानिक वेळ धरायला सांगता येतं. सेल बदलून हे थांबणार नाही.

सेलच आहे ना, याची खात्री

सेल बदलण्याआधी एक रात्र खर्च करा. वेळ बरोबर लावा, संगणक बंद करा, भिंतीवरचं बटणही बंद करा. सकाळी सुरू करताना विंडोजमध्ये जाऊच नका. बटण दाबल्याबरोबर बायोसची (विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) कळ टकटक दाबत राहा. बऱ्याच डेस्कटॉपवर ती 'डिलीट' असते, डेलला 'एफ२', एचपीला 'एफ१०', लेनोव्होला 'एफ१' किंवा 'एफ२'. निळ्या-काळ्या पडद्यावर तारीख-वेळ दिसेल. ही मदरबोर्डच्या घड्याळाची वेळ, इंटरनेटचा हात न लागलेली.

ती चुकलेली असेल तर सेल. ती बरोबर आणि विंडोजमध्ये गेल्यावर चुकीची, तर सेलला हात लावू नका, झोनकडे परत जा. संगणक सुरू होतानाच काळ्या पडद्यावर 'सीमॉस' (बायोसची सेटिंग जपणारा, याच सेलवर चालणारा भाग) असा काही शब्द आणि पुढे जायला 'एफ१' दाबा असं येत असेल, तर एक रात्रही थांबायची गरज नाही.

घणसोलीला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला एका दुकानात सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, नवा टाकावा लागेल, त्यापेक्षा संगणकच नवा घ्या. तिने कॅबिनेट चादरीत गुंडाळलं आणि ठाणे लोकलने मांडीवर घेऊन माझ्याकडे आली. लक्षणं काकांसारखीच. मदरबोर्ड धडधाकट होता. लबाडी होती की आळस, मला माहीत नाही, पण मिसळीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्त वस्तूसाठी तिला हजारोंचा खर्च सांगितला गेला होता.

सेल बदलणं

सेलचं नाव सीआर२०३२. नावातच मापं आहेत: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. व्होल्ट ३. वजनकाट्याच्या दुकानात, नौपाड्यातल्या घड्याळजीकडे, कुठेही मिळतो. पाकिटावरची मुदत बघून घ्या. सीआर२०२५ दिसायला तसाच पण अडीच मिलिमीटर जाड. खाली कागदाची घडी घालून तो बसवणारे कारागीर आहेत, तुम्ही त्यांच्यातले होऊ नका. एलआयआरने सुरू होणारा तर अजिबात नको. तो चार्ज होणारा असतो आणि त्याचे व्होल्ट जास्त असतात.

आता तयारी, आणि ही उडवू नका. सेल काढला की बायोस आपली सगळी सेटिंग विसरू शकतो. म्हणून आधी बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढा. विशेषतः 'साटा मोड' च्या, म्हणजे डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीच्या, पुढे 'एएचसीआय' आहे की 'रेड', ते. हा एक शब्द बदलला तर सेल घातल्यावर विंडोज सुरूच होत नाही आणि माणूस घाबरून डिस्क फॉरमॅट करून बसतो. दुसरं, डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असेल तर संगणक ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. घरगुती विंडोजमध्ये ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. आधी शोधून कागदावर उतरवा, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

संगणक बंद करा. वायर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, आत साठलेली वीज निघून जाईल. बाजूचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असतं. ते काढल्यावर कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात टेकवा. अंगातली स्थिर वीज चिपमध्ये जाण्यापेक्षा पत्र्यात गेलेली बरी.

सेल शोधावा लागत नाही, चांदीच्या नाण्यासारखा तोच चमकतो. ग्राफिक कार्ड असेल तर कधी त्याच्याखाली लपलेला असतो. कसा बसलाय त्याचा फोटो काढा. सहसा अधिक चिन्ह आणि अक्षरं वरच्या बाजूला असतात. कडेला एक छोटी पट्टी असते, ती नखाने सेलपासून बाहेरच्या दिशेने ढकलली की सेल टुणकन वर येतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. घाईत पट्टी तुटली तर सेल धरायला काहीच उरत नाही, आणि वागळेतल्या एका संगणकात मी तो वर्षभर सेलोटेपने धरून ठेवला होता, हे सांगायला लाज वाटते.

मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजून बघा. नवा सेल ३ व्होल्ट किंवा किंचित वर दाखवतो, २.७ च्या खाली गेला असेल तर त्याचं आयुष्य झालं. नवा सेल कडेने धरा, सपाट बाजूंना घामट बोटं लावू नका. तिरका घालून खाली दाबा, 'टक्' आवाज येईल.

मैत्रिणीच्या संगणकात मात्र नवा सेल घालूनही तारीख मागेच गेली. मीही पाच मिनिटं 'मदरबोर्ड गेला की काय' या विचारात होते. मग टॉर्च मारून बघितलं तर सेलच्या घरातल्या खालच्या पट्टीवर हिरवट पांढरी पूड. खाडीकाठची हवा, चार महिने पाऊस, संगणक खिडकीखाली. कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती पूड पुसली, पट्टी चकचकीत होईपर्यंत, दहा मिनिटं वाळू दिली आणि तोच सेल पुन्हा घातला. त्यानंतर घड्याळ हललेलं नाही. तेव्हा नव्या सेलने काम झालं नाही तर ही पट्टी बघा, सेल उलटा नाही ना बघा, त्याच्यावरची पातळ प्लास्टिकची चकती काढायची राहिली नाही ना, तेही बघा. हसू नका, राहते.

झाकण लावण्याआधी वायर जोडून एकदा सुरू करा आणि थेट बायोसमध्ये जा. तारीख लावताना सावध: इथे बहुधा महिना आधी असतो, मग दिवस. जवळ वार दिसत असेल तर आजचाच वार येतोय का बघा, तीच सगळ्यात पक्की तपासणी. फोटो समोर ठेवून साटा मोड आणि डिस्कचा क्रम जुळवा, सेव्ह करून बाहेर या. मग पुन्हा ती रात्रीची परीक्षा, बटण बंद करून.

लॅपटॉपचं वेगळं. काहींत हा सेल दोन वायरींसह, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो. काहींत वेगळा सेलच नसतो, मोठ्या बॅटरीतूनच घड्याळ चालतं. ती बॅटरी पूर्ण उतरू दिली की वेळ जाते, त्यामुळे आधी रात्रभर चार्ज करून बघा. त्याने भागलं नाही तर दुकानात द्या, पण वहीतला आकडा सांगून द्या. "बायोसमध्येच वेळ जातेय, सीमॉसचा सेल बघा" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मदरबोर्ड विकणं जरा जड जातं.

लाल त्रिकोणाबद्दल

काकांची साइट का उघडत नव्हती, हे राहिलंच. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालणारं. २०१५ मध्ये बसलेल्या संगणकाला यंदाचं प्रमाणपत्र भविष्यातलं वाटतं, म्हणून तो हरकत घेतो. अशा वेळी 'ॲडव्हान्स्ड' दाबून तसंच पुढे जायचं नाही, बँकेच्या साइटवर तर नाहीच. तारीख दुरुस्त करा, त्रिकोण आपोआप जाईल. तारीख बरोबर असूनही त्रिकोण राहिला, तर खरंच काहीतरी गडबड आहे आणि तिथे पासवर्ड टाकू नका.

मेसेजने येणाऱ्या ओटीपीचा संगणकाच्या घड्याळाशी संबंध नसतो. ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड मात्र घड्याळावरूनच काढले जातात. ते चुकीचे येत असतील तर ज्या यंत्रावर कोड दिसतो त्याची वेळ तपासा. आणि तत्काळ तिकिटासाठी १० किंवा ११ वाजायची वाट संगणकाच्या घड्याळावर बघू नका. तिथे रेल्वेच्या सर्व्हरची वेळ चालते, तुमची नाही.

जुना सेल घरात कुठेही टाकून ठेवू नका. लहान मुलांनी गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

काकांच्या कॅबिनेटमध्ये आतल्या पत्र्यावर मी कागदाची पट्टी चिकटवून 'सेल बदलला' आणि खाली तारीख लिहिली. ती लिहिताना काका चष्मा लावून वाकून बघत होते. "वर्ष बरोबर टाकलंस ना गं?"